सिनेमातली गाडी नक्की किती वेगात चालली आहे?

"तुझं पीएच.डी. नक्की कशावर चाललंय?" असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी एकच उत्तर देते : "मी यंत्रं ऐकते." समोरचा माणूस हसतो आणि जेवणाकडे वळतो. पण उत्तर खरं आहे. फिरणाऱ्या यंत्राच्या बेअरिंगला बारीकसा तडा गेला, की ठरावीक लयीत टिचक्या वाजतात. सेकंदाला किती टिचक्या वाजतात हे मोजलं, की यंत्र न उघडताही कुठला भाग बिघडलाय ते सांगता येतं. डॉक्टर छातीला नळी लावतात, मी मायक्रोफोन लावते. याबद्दल मागच्या दोन पोस्टमध्ये सविस्तर लिहिलं आहे, त्यामुळे आज पुन्हा नको.

आज सिनेमाबद्दल लिहायचं आहे. म्हणजे सिनेमातल्या आगगाडीबद्दल. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे कुर्डुवाडीला होते आणि आम्ही दोघी रोज दुपारी लॅपटॉपवर जुने चित्रपट बघत होतो. आजोबा रेल्वेत होते. आजीचा सगळा संसार रेल्वेच्या क्वार्टरमध्ये झाला. एका बाजूला पुणे–सोलापूरची मोठी लाईन, दुसऱ्या बाजूला बार्शी लाईटची अडीच फुटी नॅरोगेज. शिट्टी ऐकून कुठली गाडी आली ते तिला घड्याळ न बघता कळायचं. माझं मात्र तसं नाही. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ मध्ये संपली, आणि मी जन्मले त्यानंतर. कामावर असलेलं वाफेचं इंजिन मी आयुष्यात ऐकलेलं नाही. माझ्या कानात जी 'झुकझुक' आहे ती सगळी सिनेमाने भरलेली.

तर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, एका चित्रपटात (नाव सांगत नाही, कारण हा दोष त्या एकट्याचा नाही) भरधाव एक्सप्रेसचं दृश्य चालू असताना आजी एकदम म्हणाली, "अगं, ही गाडी चढाला लागलेली आहे. चित्र धावतंय, आवाज चढावरचा लावलाय."

मी चित्र थांबवलं. कारण आजीने नेमकं तेच केलं होतं, जे करायला मला दोन वर्षं आणि एक महागडा मायक्रोफोन लागला होता.

तिचं म्हणणं आकड्यांत मांडायचं तर असं. नेहमीच्या वाफेच्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन पुढे जातानाही वाफ ढकलते आणि मागे येतानाही. म्हणजे मोठ्या चाकाच्या एका फेरीत वापरलेली वाफ चार वेळा धुरांड्यातून बाहेर पडते. एक फेरी, चार 'झुक'. आपल्याकडे १९४७ पासून आलेल्या डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाचं (तेच ते, गोल नाकाचं आणि त्यावर चांदणी असलेलं) मोठं चाक १.७ मीटर व्यासाचं. त्याचा घेर साधारण ५.३५ मीटर. म्हणजे दर १.३४ मीटरला एक झुक. आता गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर सेकंदाला १२ पेक्षा जास्त झुक व्हायला हव्यात. इतक्या जलद ठोक्यांत आपला कान सुटा ठोका पकडू शकत नाही, ते मिसळून एक सलग घरघर होते. उलट समजा पडद्यावर ऐटीत, सुट्टं-सुट्टं, सेकंदाला दोनदा 'झुक... झुक' ऐकू आलं, तर त्या गाडीचा वेग भरतो ताशी साडेनऊ किलोमीटर. बरा सायकलवाला तिला मागे टाकेल.

एक सवलत द्यायला हवी. उतारावर ड्रायव्हरने वाफ बंद केली तर झुक होतच नाही, नुसते दांडे आणि चाकं वाजतात. पण अशी गाडी मी सिनेमात फारच कमी ऐकली. सिनेमावाल्यांना झुक हवीच असते.

कारण सरळ आहे. त्या काळातले कॅमेरेच इतका आवाज करायचे, की आपल्याकडे बहुतेक चित्रपटांचा आवाज नंतर स्टुडिओत चढवला जाई. चित्र एकीकडचं, आवाज दुसरीकडचा. आगगाडीचा एक चांगला आवाज हाती असला की तोच पुनःपुन्हा वापरायचा. आणि 'चांगला' आवाज म्हणजे स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीचा, कारण तेव्हाच ठोके ठळक आणि सुटे असतात. हे फार जुनं दुखणं आहे म्हणा. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे पहिले खेळ झाले, त्यात स्टेशनात येणाऱ्या गाडीचा छोटा चित्रपट होता. ती गाडी मुकी होती. पडद्यावरच्या गाडीला आवाज बाहेरून आणून जोडायचा, ही सवय तिथपासूनची.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. विज्ञानवाल्यांनी सिनेमातल्या चुका काढत बसावं, या खेळात मला रस नाही. तसंच करायचं तर १९८० चा 'द बर्निंग ट्रेन' घ्यावा. खलनायक इंजिनाचा व्हॅक्यूम ब्रेक काढून टाकतो म्हणून गाडी थांबत नाही, यावर सगळी कथा उभी. प्रत्यक्षात व्हॅक्यूम ब्रेकची रचना बरोबर उलटी : नळीत निर्वात पोकळी टिकून आहे तोवर ब्रेक सुटलेला, नळी तुटली आणि हवा आत शिरली की ब्रेक लागलाच. साखळी ओढल्यावर गाडी थांबते ती याच तत्त्वावर. पण हे सांगून मी त्या चित्रपटाबद्दल काय सांगितलं? काहीच नाही. लोक तो बघायला गेले ते डब्यातल्या माणसांसाठी, आणि ती माणसं बरी जमली आहेत.

माझा मुद्दा वेगळा आहे. जुन्या चित्रपटांनी आपल्याला गाडी दाखवली भरपूर, पण ऐकली फार थोड्यांनी. आणि ज्यांनी ऐकली, त्यांच्याच चित्रपटात ती गाडी कथेच्या कामाची झाली. बाकीच्यांत ती देखावा राहिली, मग तो देखावा कितीही गोड असो.

गोड देखाव्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'आराधना' (१९६९). दार्जिलिंगची छोटी गाडी, खिडकीत पुस्तक वाचणारी शर्मिला टागोर आणि बाजूच्या रस्त्यावर जीपमधून गाणारा राजेश खन्ना. जीपचं चित्रण दार्जिलिंगला झालं. शर्मिला मात्र तेव्हा सत्यजित राय यांच्या 'अरण्येर दिन रात्री'त गुंतलेली होती, म्हणून तिचे भाग नंतर स्टुडिओत, मागे पडद्यावर डोंगर सरकवून घेतले. म्हणजे ज्या दोघांची नजरानजर अख्ख्या देशाने पाहिली, ती दोघं त्या गाण्यात एका ठिकाणी नव्हतीच! हे कळल्यावर माझं त्या गाण्यावरचं प्रेम कमी झालं नाही, उलट कारागिरीचं कौतुक वाटलं.

पण ऐकायला गेलं तर तिथे गाडीच नाही. आणि चुटपुट लागते ती अशी, की ती गाडी ऐकायला फार मजेदार आहे. दार्जिलिंगची रेल्वे १८८१ पासूनची. रूळ दोन फुटी, आणि इंजिनाचं मोठं चाक जेमतेम ६६ सेंटीमीटर व्यासाचं. घेर साधारण दोन मीटर, म्हणजे दर अर्ध्या मीटरला एक झुक. ताशी १२ किलोमीटरच्या कासवगतीतही सेकंदाला सहापेक्षा जास्त ठोके! मोठ्या लाईनवरचं डब्ल्यूपी इंजिन हेच ठोके ताशी ३१ किलोमीटरला देईल. तेव्हा कानाला वाटतं गाडी धावतेय, डोळ्यांना दिसतं की बाजूचा माणूस चालत्या गाडीत चढू शकेल. धाप मोठी, पाऊल छोटं. हा विनोद त्या गाडीच्या अंगात आहे आणि तो प्रेमप्रसंगाला किती शोभला असता! जीप आरामात बरोबरीने चालते त्याचं कारणही हेच. गाण्याला मात्र गाडीच्या श्वासाची गरज वाटली नाही. तिथे गाडी म्हणजे एक हलती खिडकी.

त्याच्या अकरा वर्षं आधीचा 'सोलवा साल' (१९५८) घ्या. मुंबईच्या लोकलच्या डब्यात देव आनंद गातो, समोर वहिदा रहमान, आवाज हेमंतकुमारांचा आणि माउथऑर्गन वाजवलाय तरुण राहुलदेव बर्मनने. मुंबईची लोकल १९२५ पासून विजेवर. तिला झुक नाहीच. तिचा ठेका रुळांच्या सांध्यांचा. आणि या गाण्याचा हलका डुलता ठेका मला डब्यात बसलेल्या माणसाच्या अंगातला वाटतो, इंजिनातला नाही. कदाचित हे माझ्या मनाचे खेळ असतील, पण लोकलने रोज कॉलेजला गेलेल्या कुणालाही हे पटेल.

सांध्यांवरून आठवलं. जुने रूळ साधारण १३ मीटरचे तुकडे जोडून टाकत, आणि प्रत्येक सांध्यावर चाक खट्ट वाजे. आता गंमत बघा : १३ मीटरचा हिशेब केला तर ४७ सेकंदांत जितके सांधे मोजाल, तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये. पन्नास सांधे म्हणजे ताशी पन्नास. गुणाकार-भागाकार काही नाही. (डब्याच्या एकाच टोकाची चाकं मोजायची. चाकं जोडीने वाजतात, 'खट्-खट्' असं, ती जोडी म्हणजे एक सांधा.) आजीला हे सांगितलं तर म्हणाली, तुझे आजोबा मनगटी घड्याळ घेऊन हेच करायचे, मला वाटायचं वेळ बघतायत. आता रूळ वेल्डिंगने जोडून लांबच लांब केलेले असतात, त्यामुळे हाही आवाज गेला. तुम्ही करून बघायला गेलात तर एखाद्या जुन्या यार्डाजवळ थोडंफार जमेल.

आता ज्यांनी गाडी ऐकली त्यांच्याकडे येते. 'शोले'ला (१९७५) मी अर्धे गुण देते. ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजाचा एवढा गाजावाजा झालेला, सुरुवातीची मालगाडीची मारामारी पनवेलच्या बाजूला चित्रित झालेली. आवाजात गोळ्या आणि घोड्यांच्या टापाच वरचढ आहेत. पण एक गोष्ट तिथे आहे जी दुसरीकडे मला फारशी सापडली नाही : गाडीला वेग हवा म्हणून कुणीतरी भट्टीत कोळसा टाकतो. बहुतेक सिनेमातल्या गाड्या पार्श्वसंगीतावर धावतात, ही कोळशावर धावते. म्हणून पुढे इंजिन ओंडक्यांवर आदळतं तेव्हा त्याचं वजन जाणवतं.

आणि 'पथेर पांचाली' (१९५५).

या चित्रपटातल्या गाडीवर इतकं लिहिलं गेलंय की आणखी काय लिहायचं, असं मलाही वाटलं होतं. काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांचं रान, त्यातून पळणारी अपू आणि दुर्गा, आणि काळा धूर सोडत जाणारी गाडी. राय यांनी चित्रीकरणाची सुरुवातच या प्रसंगाने केली, २७ ऑक्टोबर १९५२ ला. पुढच्या आठवड्यात मंडळी परत गेली तर गुरांनी सगळा काश खाऊन टाकलेला! उरलेलं काम पुढच्या वर्षी, नवे तुरे आल्यावर. हे सगळं चित्राबद्दल झालं. आवाजाबद्दल फार बोललं जात नाही.

त्या प्रसंगात गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी आवाज सुरू होतो, आणि तो गाडीचा नसतो. दुर्गा तारांच्या खांबाजवळ थांबते आणि खांबाला कान लावते. एक सलग गुणगुण ऐकू येते. पोरांना तो आवाज काय आहे ते माहीत नाही. आपल्यालाही कुणी सांगत नाही.

तारा वाऱ्यात का गुणगुणतात, हे १८७८ मध्ये श्त्रौहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने मोजलं. वारा तारेला ओलांडून जाताना मागे आळीपाळीने डावी-उजवी छोटी भोवरी सोडतो. या भोवऱ्यांच्या लयीला धरून आवाज उमटतो. नियम साधा : वाऱ्याचा वेग भागिले तारेची जाडी, त्याचा साधारण पाचवा हिस्सा म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. चार मिलिमीटरची तार आणि सेकंदाला तीन मीटर वाहणारी झुळूक धरली, तर १५० कंपनं येतात. पुरुषी आवाजातल्या खालच्या स्वराइतका हा सूर आहे. तार ही कंपनं खांबाला देते आणि खांब तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करतो. म्हणून दुर्गेला नुसतं उभं राहून भागत नाही, कान लावावा लागतो.

हे दृश्य चालू असताना आजी लॅपटॉपकडे वाकली आणि म्हणाली, "खांब असेच वाजायचे. आम्ही म्हणायचो, तार चाललीय. कुणाच्या तरी घरी बातमी निघालीय आतून." मग थोड्या वेळाने, "वाईटच असायची बहुतेक."

आता मला या प्रसंगाचं जे मोठेपण वाटतं ते सांगते. राय यांनी इथे आवाजाला अंतराचं काम दिलं आहे. आधी गुणगुण, जिला दिशाच नाही. मग लांबचा अस्पष्ट खडखडाट, ज्याला दिशा आहे पण रूप नाही. पोरं त्या दिशेने पळतात. मग धूर. आणि शेवटी कॅमेरा रुळाच्या पलीकडे जातो आणि गाडी आपल्या आणि अपूच्या मधून धडधडत निघून जाते, चाकांच्या फटींतून पोरगा दिसतो. सतार तिथे थांबलेली आहे. नुसतं लोखंड. दुर्गा वाटेत पडलेली आहे, ती मागेच राहते. ज्या मुलीने आवाज आधी ऐकला, तिला गाडी जवळून मिळत नाही. हे मला कितव्यांदा तरी बघताना कळलं, आणि कळलं ते डोळे मिटून नुसतं ऐकल्यावर.

पुढच्या दोन भागांत हाच धागा आहे. 'अपराजितो'त (१९५६) आई गावात वाट बघत बसते आणि लांबून गाडी जाते. 'अपूर संसार'मध्ये (१९५९) अपूची खोलीच रेल्वे यार्डाच्या काठावर. शिट्टी आणि धूर चोवीस तास घरात. लहानपणी पळत जाऊन जी गाडी बघायची, ती आता खिडकी लावली तरी ऐकू येते. बायको गेल्यावर तो त्याच रुळांपाशी जाऊन उभा राहतो. पहिल्या चित्रपटात लांबच्या आवाजाला जे मोल होतं ते माहीत असल्याशिवाय, तिसऱ्यातला हा जवळचा आवाज किती असह्य आहे ते कळत नाही.

'पाकीजा'बद्दल (१९७२) मात्र माझं मन दोन्हीकडे ओढतं. रात्रीच्या गाडीत एक अनोळखी माणूस झोपलेल्या साहिबजानच्या पायांशी चिठ्ठी ठेवून जातो, आणि त्यानंतर रात्री शिट्टी वाजली की ती सगळं सोडून तिकडे कान देते. गाणं-नाच संपल्यावर मैफिलीच्या वर ती शिट्टी येते, हा तर हिंदी सिनेमातल्या आवाजाचा सर्वांत धाडसी वापर असावा. आणि रात्रीच का? भौतिकशास्त्र इथे कमाल अमरोहींच्या बाजूने आहे. सूर्य मावळला की जमीन गार होते, जमिनीलगतची हवाही गार होते, वरची तुलनेने उबदार राहते. उबदार हवेत आवाज जलद जातो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा हाच आवाज वर वाकून निसटतो. त्यात रात्री गोंगाट कमी. जी शिट्टी दुपारी शेजारच्या गल्लीत पोचत नाही, ती पहाटे तीनला चार मैलांवर उशाशी वाजते. झोप न येणाऱ्या बायकांनी हे कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या आधी ओळखलं असणार.

मग खटकतं काय? लांबून आलेल्या आवाजाचे वरचे, तीक्ष्ण सूर हवा शोषून घेते. लांबची शिट्टी लहान नसते, बोथट असते. 'पाकीजा'तली शिट्टी मला प्रत्येक वेळी जवळून ध्वनिमुद्रित केलेली आणि मग मर्जीप्रमाणे लहान-मोठी केलेली वाटते. भावनेला जितकी हवी तितकी ती मोठी. माझ्या गाईडना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "तू पुरावा शोधतेयस, त्यांनी परिणाम शोधला होता." बरोबर आहे. त्या महालाची खिडकीही खरी नाही, मग शिट्टीने तरी का असावं? पण 'पथेर पांचाली'नंतर लगेच 'पाकीजा' ऐकलात तर एक फरक जाणवेल. पहिल्यात गाडी कुठून तरी येत असते. दुसरीतली गाडी कुठूनच येत नाही, ती साहिबजानच्या मनातच उभी आहे. कथेला कदाचित हेच हवं होतं, आणि तसं असेल तर माझी तक्रार मागे घेते. निम्मी.

शेवटचा चित्रपट फारसा कुणी पाहिलेला नाही : '२७ डाऊन' (१९७४). दिग्दर्शक अवतार कृष्ण कौल. हा त्यांचा पहिला आणि शेवटचा चित्रपट. त्याच वर्षी मुंबईत बुडून त्यांचा मृत्यू झाला. संजय (एम. के. रैना) याला चित्रकला करायची आहे, पण रेल्वेत ड्रायव्हर असलेल्या आणि अपघातात जायबंदी झालेल्या वडिलांच्या आग्रहाने तो तिकीट तपासनीस होतो. नाव एका गाडीच्या नंबराचं, मुंबई–वाराणसी एक्सप्रेसचं. शालिनीशी (राखी) त्याची ओळखही लोकलच्याच गर्दीतली. अपूर्व किशोर बीर यांनी कृष्णधवल छायाचित्रण केलं, अगदी विशी ओलांडलेल्या वयात, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. व्ही.टी.चं ते माणसांनी फुटलेलं फलाट तुम्ही कुठेतरी पाहिलंही असेल.

इथे गाडी बघायला कुणी पळत जात नाही, कारण नायक तिच्यातच राहतो. म्हणून तिचा आवाज 'येत' नाही, तो सुरूच असतो. दोन माणसं बोलतायत आणि खाली सांधे वाजतायत. शांत प्रसंगातही मला तो पूर्ण थांबलाय असं वाटेना. ज्या माणसाचं आयुष्य ठरलेल्या रुळांवरून चाललंय, त्याच्या कानात दुसरं काय असणार? हे कथेत बोलून दाखवलेलं आहेच आणि जरा जास्तच बोलून दाखवलंय. स्वगतं कमी असती तर बरं झालं असतं. आवाजाने ते आधीच सांगितलेलं होतं. आजीला हा चित्रपट आवडला नाही. "रेल्वेच्या माणसाला एवढं दुःख करायला वेळ कुठे असतो?" असं तिचं मत. ते इथे नोंदवून ठेवते.

आता यातलं माझ्या कामाचं काय, ते सांगून थांबते.

जुन्या चित्रपटांचं जतन करताना आवाज 'स्वच्छ' केला जातो. जुन्या फिल्मच्या कडेला आवाज प्रकाशाच्या पट्टीने छापलेला असतो, त्यात सतत एक सूंऽऽ असं असतं. ते काढायची नेहमीची पद्धत म्हणजे, शांत जागेतल्या गोंगाटाचा नमुना घ्यायचा आणि सगळीकडून तेवढा वजा करायचा. बोलणं, गाणं यांना ठरावीक सूर असतात, ते टिकतात. अडचण अशी, की धुरांड्यातून सुटणाऱ्या वाफेलाही ठरावीक सूर नसतो. गणिताच्या नजरेला वाफ आणि गोंगाट एकाच जातीचे. हलक्या हाताने केलं नाही तर दोन्ही जातात. अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या, आणि २०१५ मध्ये अफाट कष्टाने ते चित्रपट पुन्हा उभे केले गेले. तसल्या कामात कितीदा कुणाला तरी बसून ठरवावं लागत असेल, की हा आवाज घाण आहे की गाडी आहे!

हे मी एवढ्या खात्रीने लिहितेय, कारण हीच चूक मी स्वतः केली. आजीकडे एक कॅसेट आहे, क्वार्टरच्या ओसरीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. आजोबा कुणाला तरी पत्राऐवजी बोलून खुशाली कळवतायत, बारा-तेरा मिनिटं. त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून मी ती माझ्या प्रोग्रॅममधून काढली. निकाल उत्तम आला. शब्द न् शब्द स्वच्छ. मोठ्या कौतुकाने आजीला ऐकवली.

तिने शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "छान झालंय गं. पण हे मध्येच बोलायचे थांबलेत ते का थांबलेत, ते आता कळत नाही."

मूळ कॅसेट लावली. आजोबा थांबतात तिथे, मागे, बार्शीकडची छोटी गाडी निघालेली आहे. ते ती जाऊ देतात आणि मग पुढचं वाक्य बोलतात. मोजलं तर सेकंदाला जवळजवळ चार ठोके, मग पाच, मग मिसळत जातात. एवढ्या सगळ्या चित्रपटांनंतर मला सापडलेली ही पहिली गाडी, जिचा आवाज कुणी नंतर आणून जोडलेला नव्हता. आणि मी तो गोंगाट म्हणून पुसला होता. प्रोग्रॅमची मर्यादा बदलून पुन्हा बसले आहे. आजोबांचा आवाज आता थोडा खरखरीत येतो.